काळ्या खडकाखालचे तांबे

अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ चम्मक नावाचे एक लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात या गावी काही जुने ताम्रपट मिळाले. त्यांवरील अक्षरे विद्वानांनी वाचली, तेव्हा असे आढळले की, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांस दान दिले, त्याचा हा लेख आहे. चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक. या गोष्टीला सुमारे दीड हजार वर्षे झाली. तेवढ्या काळात राजा गेला, राजधानी गेली, दान घेणारे गेले. लेख ताडपत्रावर असता तर कुजला असता, लोखंडावर असता तर गंजून त्याचा चुरा झाला असता. तांब्याने मात्र आपल्या अंगावर कोरलेले अक्षर राखून ठेवले.

वऱ्हाडात तांबे नवीन नाही, हे यावरून कळते. घरोघरी तांब्या आहे, घागर आहे, देवघरात पळी-पंचपात्र आहे, आणि न्हाणीघरात पाणी तापविण्याचा बंब होता तो तांब्याचाच. आता बंब कमी झाले. पण शेतातील विहिरीवर जो विजेचा पंप चालतो, त्याच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे असतात. म्हणजे तांब्यावाचून वऱ्हाडचे पूर्वी अडत होते आणि आजही अडते. असे असून अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत तांब्याची एकही खाण नाही. चांदीची नाही आणि सोन्याची तर नाहीच. ज्या भूमीत कापसाचे पांढरे सोने उदंड पिकते, त्या भूमीच्या पोटी हे तांबडे धन का नसावे?

याचे उत्तर जमिनीतच आहे. वऱ्हाडात कोठेही विहीर खणावयास घ्यावी. प्रथम काळी माती लागते, मग मुरूम, आणि त्याखाली पहारीलाही दाद न देणारा काळा पाषाण. पूर्णा नदीच्या खोऱ्यात मात्र हा पाषाण लवकर लागत नाही. तेथे नदीने आणून टाकलेल्या गाळाचा थर फार जाड आहे. हाच तो खारपाणपट्टा. तेथील विहिरींचे पाणी इतके खारट की, एकेकाळी त्यापासून मीठ काढीत असत. पण गाळ कितीही जाड असला, तरी त्याच्या तळाशी पुन्हा तोच काळा पाषाण आहे.

या पाषाणास बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो एकदाच येऊन थांबला नाही. एक थर पसरला, थंड झाला, काही काळ गेला, त्यावर दुसरा थर आला; असे थरांवर थर चढत गेले. गाविलगडच्या डोंगराकडे पावसाळ्यानंतर पाहिले, तर हे थर पायऱ्यांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने झाकलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो आणि वऱ्हाडही त्यातच येतो.

आता कोणी म्हणेल, या काळ्या पाषाणात तांबे मुळीच नाही काय? आहे. प्रयोगशाळेत त्याचे पृथक्करण केले तर एका टन दगडात सामान्यतः १०० ते २०० ग्रॅम तांबे निघते. पण ते दगडाच्या कणाकणांत विखुरलेले असते. दोन किलोग्रॅम वजनाची एक घागर घडवावयाची, तर दहा ते वीस टन दगड फोडून, दळून, त्यातील कण न् कण वेचावा लागेल. एवढा खटाटोप केल्यावर त्या घागरीची किंमत कोण देईल? धातू असणे वेगळे आणि धातूची खाण असणे वेगळे. विखुरलेला धातू निसर्गानेच एका ठिकाणी गोळा करून ठेवला असेल, तरच माणसाच्या कुदळीला तेथे काम असते.

निसर्ग हे काम बहुधा पाण्याकडून करून घेतो. हे पाणी नदी-ओढ्याचे नव्हे. भूमीच्या खोल पोटात, तप्त खडकांच्या सान्निध्यात राहिलेले अत्यंत उष्ण व क्षारयुक्त पाणी खडकांतील तांबे, चांदी, सोने अशा धातूंना विरघळवून घेते आणि दाबामुळे भेगांतून वर चढू लागते. वर येता येता ते निवते, आणि निवता निवता आपले ओझे भेगांतच टाकून देते. उसाचा रस आटवून थंड होऊ दिला म्हणजे कढईच्या कडेला जसा गूळ धरतो, तसाच काहीसा हा प्रकार. भेगेत प्रथम गारगोटी साचते, आणि त्या गारगोटीच्या पांढऱ्या अंगात गंधकाशी संयोग पावलेल्या तांब्याचे पिवळे कण अडकून राहतात. चांदी व सोने यांचा अंश पुष्कळदा याच कणांच्या सोबतीने येतो. हे तिन्ही धातू एका खाणीत सापडतात, याचे कारण एकाच पाण्याने त्यांना तेथवर आणून पोहोचविलेले असते.

अमेरिकेत सुपीरियर नावाच्या विशाल सरोवराच्या दक्षिणेस किवीनॉ नावाचे द्वीपकल्प आहे. तेथील खडकही वऱ्हाडातल्यासारखाच, शिलारसाचे थर साचून झालेला. परंतु त्याचे वय सुमारे ११० कोटी वर्षे आहे. त्या खडकाच्या पोकळ्यांत शुद्ध तांब्याचे गोळे आणि पत्रे, काही ठिकाणी चांदीसह, सापडले. तेथील आदिवासी हजारो वर्षांपूर्वी ते तांबे ठोकून हत्यारे बनवीत असत, आणि १८४० नंतर तर तेथे मोठाल्या खाणी निघाल्या. हे ऐकून वऱ्हाडच्या बेसाल्टबद्दलही आशा वाटणे साहजिक आहे. पण किवीनॉचे थर पुढे फार खोल गाडले गेले, तेथे उष्ण पाण्याने त्यांच्यातले तांबे धुऊन काढले आणि वरच्या पोकळ्यांत नेऊन भरले. दख्खनच्या थरांच्या वाट्याला एवढे खोल गाडले जाणे आलेच नाही. त्यांतील पोकळ्या भरल्या त्या स्फटिकांनी. वऱ्हाडात विहीर खणताना दगडाच्या पोटात पांढरे, गुलाबी, चकाकणारे खडे मिळतात, ते हेच होत. ते सुंदर आहेत, पण त्यांत धातू नाही.

कधी कधी कोणा शेतकऱ्याला दगडात पिवळी झाक दिसते आणि 'सोने सापडले' अशी हाकाटी गावभर होते. अशा वेळी दोन साधे प्रयोग करावेत. पिवळा कण निहाईवर ठेवून हातोडीने ठोकावा. सोने असेल तर ते चपटे होईल, आणि लोह व गंधक यांचा बनलेला माक्षिक असेल तर त्याचा भुगा होईल. किंवा तो दगड चिनी मातीच्या झिलई नसलेल्या तुकड्यावर घासावा. सोन्याची रेघ पिवळीच उमटते, माक्षिकाची मात्र हिरवट काळी. आयुर्वेदातील सुवर्णमाक्षिक म्हणजे याच कुळातील एक खनिज. त्यात सोने नसते, तांबे असते. नावात सोने आणि पोटात तांबे, असा हा प्रकार आहे. परंतु खाण शोधणाऱ्याला त्याचे मोल सोन्याहून कमी वाटत नाही, कारण जगातील पुष्कळसे तांबे याच खनिजापासून काढले जाते.

मग वऱ्हाडाला जवळ असे तांबे कोठे आहे? त्यासाठी काळ्या पाषाणाची हद्द ओलांडून पूर्वेकडे जावे लागते. नागपूरच्या पूर्वेस हा पाषाण संपतो आणि त्याखाली दडलेले अतिप्राचीन खडक उघडे पडतात. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे आणि नागपूर जिल्ह्यात पुलर-परसोडी भागात गारगोटीच्या शिरांत तांबे आढळले आहे. पण या सर्वांत मोठा साठा आहे तो मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंड येथे. १९५६ पूर्वी अमरावती, अकोला आणि बालाघाट हे तिन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे मलाजखंडचे तांबे वऱ्हाडला तसे अगदी परके नाही.

मलाजखंडचा मुलूख अरण्याचा आहे. कान्ह्याचे वाघांचे रान याच भागात येते. साल वृक्षांच्या त्या रानात गारगोटीचा एक पांढरा डोंगर उभा होता आणि त्याच्या दगडांवर ठिकठिकाणी हिरवे-निळे डाग होते. तांब्याचे भांडे दमट जागी फार दिवस पडून राहिले म्हणजे त्यावर जो हिरवा कळंक चढतो, तेच हे डाग. उन्हापावसाने दगडातील ताम्रखनिज सडते आणि त्याचा रंग पृष्ठभागावर फुटून निघतो. जुन्या काळच्या लोकांनी ही खूण ओळखली होती, असे तेथील जुन्या खोदकामांच्या खुणांवरून दिसते. परंतु त्यांना वरवरचे तेवढेच तांबे मिळाले. डोंगराच्या पोटात काय आहे, हे पाहण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते.

ते साधन पुढे आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ साली स्थापन झाली. तिच्या भूवैज्ञानिकांनी १९६९ च्या सुमारास मलाजखंडचे पद्धतशीर समन्वेषण हाती घेतले. समन्वेषण म्हणजे नुसते शोधणे नव्हे. एखादी वस्तू तेथे आहे काय, असल्यास किती आहे, किती खोल आहे आणि ती काढणे परवडेल काय, या सर्व प्रश्नांची उत्तरे पुराव्यानिशी मिळविणे म्हणजे समन्वेषण.

हे काम पायांनी सुरू होते. भूवैज्ञानिक हातोडी, होकायंत्र आणि नकाशा घेऊन रान तुडवितो. खडकाचा तुकडा फोडून ताजा भाग पाहतो. थर कोणत्या दिशेस किती कलला आहे हे मोजतो आणि नकाशावर मांडतो. ओढ्यांतील वाळूचे व माळावरील मातीचे नमुने पिशव्यांत भरले जातात. एका ओढ्याच्या गाळात तांब्याचे प्रमाण थोडे अधिक आढळले, तर त्या ओढ्याने ते कोठून आणले हे पाहत वर वर जावयाचे. मग जमिनीत वीज सोडून, चुंबकीय शक्तीतील फरक मोजून, दिसत नाही तेथेही खनिज असण्याचा अंदाज बांधतात. संशयाची जागा सापडली की चर खणतात. एवढे सगळे झाल्यावरही जो काही निष्कर्ष निघतो, तो अनुमानच असतो.

अनुमानाची खरी कसोटी वेधन-यंत्र घेते. या यंत्राच्या पोकळ नळीच्या टोकाला हिऱ्याचे कण बसविलेले असतात. कारण गारगोटी कापावयाची तर तिच्याहून कठीण वस्तू हवी. नळी गरगर फिरत खाली जाते, पाण्याचा प्रवाह तिला थंड ठेवतो आणि नळीच्या पोकळीत खडकाचा एक लांब दंडगोल तुकडा अडकून वर येतो. त्यास गाभा म्हणतात. किती मीटर खोलीवरचा गाभा कोणता, हे लिहून तो लाकडी पेट्यांत क्रमाने मांडून ठेवतात. मग तो उभा चिरून अर्धा भाग प्रयोगशाळेत पाठवितात व अर्धा भाग जपून ठेवतात. प्रयोगशाळेच्या उत्तराविषयी उद्या कोणी शंका घेतली, तर राहिलेला अर्धा भाग साक्ष देण्यास तयार असतो.

एका छिद्राला पुष्कळ दिवस लागतात आणि खर्चही मोठा येतो. त्यातून काहीच निघाले नाही, असेही वारंवार होते. महिना महिना रानात काढून अखेरीस पेटीत नुसता ग्रॅनाइट यावा, ही निराशा लहान नव्हे. अशा वेळी 'येथे काही नाही' हे स्पष्ट लिहिण्यास धैर्य लागते. कारण आशेने लिहिलेला एक खोटा आकडा पुढे सरकारचे कोट्यवधी रुपये खड्ड्यात घालू शकतो आणि गावेच्या गावे व्यर्थ उठवू शकतो. दुसऱ्या बाजूने, एका रिकाम्या छिद्रावरून हात झाडून निघून जाणाराही चुकतो. शीर पूर्वेला कललेली असेल आणि छिद्र पश्चिमेला घेतले असेल, तर खनिज हाताच्या अंतरावरून निसटते. म्हणून मलाजखंडला एकामागून एक अनेक छिद्रे ठरावीक अंतरावर घेण्यात आली आणि प्रत्येकाच्या गाभ्याची एकमेकांशी तुलना करून डोंगराच्या पोटातील शिरेचे चित्र कागदावर उभे केले गेले.

ते चित्र विस्मयकारक होते. धनुष्याप्रमाणे वाकलेली गारगोटीची एक प्रचंड शीर, लांबी सुमारे दोन किलोमीटर, जाडी काही ठिकाणी साठ-सत्तर मीटर, पूर्वेकडे कलत कलत शेकडो मीटर खोल गेलेली. तिच्यातील धातुकात तांबे सरासरी एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे एका टनात सुमारे दहा किलोग्रॅम. शंभर भागांत एक भाग, हे ऐकावयास थोडे वाटते. पण वऱ्हाडच्या काळ्या दगडाशी तुलना केली तर ते पन्नास ते शंभर पटींनी अधिक आहे. जी घागर घडविण्यास तेथे दहा-वीस टन दगड लागला असता, ती येथे दोनशे किलोग्रॅम दगडात होते. ज्या ग्रॅनाइटात ही शीर आहे, त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. दख्खनचा पाषाण त्याच्यापुढे कालचे पोर ठरेल.

हिंदुस्थान कॉपर लिमिटेड या सरकारी कंपनीने तेथे खाण उघडली आणि १९८२ साली ती देशाला अर्पण झाली. डोंगराच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचा एक अफाट खड्डा झाला. आता खुल्या खड्ड्याने आणखी खाली जाणे परवडत नाही, म्हणून त्याच्या तळाखाली भुयारी खाण करण्याचे काम हाती घेण्यात आले. फोडलेला धातुक पिठासारखा दळतात आणि पाणी व फेस करणारी द्रव्ये घालून घुसळतात. नवल असे की, जड खनिजाचे कण फेसाला चिकटून वर तरंगतात आणि हलकी गारगोटी तळाशी बसते. ताकावर लोणी यावे तसे हे खनिज वरून काढून घेतात. भट्टीत गंधक व लोह वेगळे केले की अशुद्ध तांब्याच्या जाड पाट्या मिळतात. शेवटी त्या पाट्या रसायनाच्या कुंडात टांगून विजेचा प्रवाह सोडतात. शुद्ध तांबे एका पाटीवरून निघून दुसऱ्या पाटीवर जमते आणि कुंडाच्या तळाशी काळपट चिखल साचतो. हा चिखल कोणी फेकून देत नाही, कारण चांदी आणि सोने त्यातच असते. शोधणाऱ्याला हातोडीने ज्यांचा पत्ता लागला नव्हता, ते दोन मौल्यवान धातू असे चिखलातून निघतात.

याची किंमतही मोजावी लागली आहे. खाणीसाठी रान तुटले, कित्येकांची शेते गेली. धातू काढून उरलेल्या पिठाचे डोंगर साचतात आणि त्यातील गंधकाचा पावसाच्या पाण्याशी संबंध आला की पाणी आंबट व विषारी होऊ शकते; ते ओढ्यात जाऊ नये म्हणून बांध घालून अडवावे लागते. तांब्याची तार घरात दिवा लावते तेव्हा हे सर्व दिसत नाही. आणि एवढे करूनही देशाची तांब्याची भूक भागत नाही. पुष्कळसे तांबे परदेशांतून आणावे लागते. म्हणूनच नवे साठे शोधण्याचे काम थांबलेले नाही.

आता प्रश्न पुन्हा वऱ्हाडाकडे येतो. नागपूरच्या पूर्वेला जे प्राचीन खडक उघडे आहेत, ते नागपूरपाशीच संपत नाहीत. ते पश्चिमेकडे काळ्या पाषाणाखाली शिरतात. याचा पुरावा प्रत्यक्ष मिळालेला आहे. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर तेथे एक खोल छिद्र घेण्यात आले. सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर, मधला एक पातळ थर ओलांडून, वेधन-यंत्र प्राचीन खडकात उतरले. कोयनेच्या भागात तोच खडक गाठण्यासाठी जवळजवळ एक किलोमीटर, आणि काही ठिकाणी त्याहून अधिक, खाली जावे लागले. म्हणजे दख्खनचा काळा पाषाण हे एक झाकण आहे. जाड, पण झाकणच.

वऱ्हाडात हे झाकण एका ठिकाणी फाटलेले आहे. मोर्शी तालुक्यात, बैतूल जिल्ह्याच्या सीमेवर, सालबर्डी नावाचे गाव आहे. महाशिवरात्रीला तेथील गुहेतील महादेवाच्या दर्शनासाठी मोठी यात्रा भरते. यात्रेकरू ज्या वाटेने जातात, त्या परिसरात खडकाचे एक मोठे पुस्तकच उघडे पडले आहे. वरती काळा बेसाल्ट, त्याखाली चुनखडीमिश्रित थर, ज्यांत डायनोसॉर या प्रचंड प्राण्यांची अश्मीभूत हाडे मिळाली आहेत, त्याखाली वालुकाश्म, आणि सर्वांच्या तळाशी पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा, गारगोटीच्या शिरा वागविणारा तो अतिप्राचीन खडक. भूमी येथे भंग पावून एक बाजू वर उचलली गेली, म्हणून तो उजेडात आला. येथून उत्तरेस बैतूल जिल्ह्यात असेच प्राचीन खडक उघडे आहेत आणि त्यांत भूवैज्ञानिकांना जस्त आणि तांबे यांची खनिजे आढळली आहेत. दक्षिणेकडे येता येता ते खडक सातपुड्याच्या काळ्या पाषाणाखाली दिसेनासे होतात.

सालबर्डीच्या त्या पात्रात आजही विद्यार्थी हातोड्या घेऊन येतात. ते एक पाय काळ्या पाषाणावर आणि दुसरा पट्ट्यांच्या खडकावर ठेवून उभे राहतात, गारगोटीचा एखादा तुकडा फोडतात आणि ताजा भाग उन्हात धरून हिरवा डाग कोठे दिसतो काय, ते निरखून पाहतात.